तबकडीची दुसरी बाजू

गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यात, मुंबई-हावडा लोहमार्गावर, दरेकसा हे डोंगरांनी वेढलेले लहानसे गाव आहे. त्याच्या जवळच कचारगडची विशाल नैसर्गिक गुहा असून माघ पौर्णिमेच्या सुमारास तेथे गोंड भाविकांची मोठी यात्रा भरते. या गुहेविषयी गोंड समाजात एक कथा सांगितली जाते. गुहेच्या तोंडाशी प्रचंड शिळा लावून मुलांना आत कोंडण्यात आले होते. हिरासुका पाटालीर या वादकाने बाहेर किंगरी छेडली. त्या सुरांनी मुलांच्या अंगी बळ संचारले आणि सर्वांनी मिळून जोर करताच शिळा ढळली. मात्र तिच्याखाली सापडून हिरासुकाला प्राण गमवावे लागले.

एकाने छेडलेला सूर आणि अनेकांचा एकवटलेला जोर, अशी संगीताची दोन रूपे या कथेत एकत्र आली आहेत. यांपैकी श्रेष्ठ कोणते? जवळजवळ असाच वाद एका तबकडीच्या दोन बाजूंवरून दूरदेशीच्या रसिकांत रंगत आला आहे.

गाणी तबकडीवर विकली जात, त्या काळी लहान तबकडीच्या प्रत्येक बाजूस बहुधा एकच गाणे असे. ज्या गाण्याला अधिक मागणी येईल असे कंपनीस वाटे, ते पहिल्या बाजूवर घालण्यात येई. नभोवाणीवरही तेच वाजावे, अशी अपेक्षा असे. मागच्या बाजूवर दुसरे एखादे गाणे देत. परंतु कंपनीचा अंदाज नेहमीच खरा ठरे असे नाही. अमेरिकेत १९५४ साली बिल हेली याच्या वाद्यवृंदाचे ‘रॉक अराउंड द क्लॉक’ हे गीत मागच्या बाजूवर निघाले. आरंभी त्याला बेताचेच यश लाभले. पुढच्या वर्षी ते एका चित्रपटात वाजले आणि लवकरच त्या देशातील सर्वांत लोकप्रिय गीत ठरले.

इंग्लंडमधील ‘क्वीन’ या रॉक वाद्यवृंदाची गोष्ट तर आपल्या महाराष्ट्राशीही जोडलेली आहे. त्याचा विख्यात गायक फ्रेडी मर्क्युरी हा पारशी कुटुंबातला. त्याचा जन्म १९४६ साली झांजीबार येथे झाला, पण शाळेची अनेक वर्षे त्याने सातारा जिल्ह्यातील पाचगणी येथे काढली. तेथे तो पियानो शिकला आणि शाळासोबत्यांच्या वाद्यवृंदात वाजवू लागला.

१९७७ साली ‘क्वीन’ने एक तबकडी काढली. पहिल्या बाजूवर फ्रेडीने रचलेले ‘वुई आर द चॅम्पियन्स’ हे विजयगीत होते. मागच्या बाजूवर गिटारवादक ब्रायन मे याचे ‘वुई विल रॉक यू’ होते. एका कार्यक्रमाच्या शेवटी श्रोत्यांनी आपण होऊन गायिलेले गीत ऐकून, श्रोत्यांनाच भाग घेता येईल असे गाणे रचण्याची कल्पना मेला सुचली. दाटीने उभ्या असलेल्या माणसांना काय करता येईल? पाय आपटता येतील आणि टाळी वाजवता येईल. म्हणून त्याने दोन वेळा पाय आपटणे व एक टाळी, एवढ्यावरच गाण्याचा ताल उभारला. थोड्या माणसांचे आवाज पुन्हा पुन्हा एकावर एक मुद्रित करून हजारोंच्या समुदायाचा भास निर्माण करण्यात आला. ढोलताशांची जागा हातापायांनी घेतली आणि गिटार ऐकू येते ती अखेरीस.

मग वाद सुरू झाला. एक पक्ष म्हणे, ‘पहिल्या गीतात चाल हळूहळू चढत जाते, गायकाचा कंठ तेथे कसाला लागतो. मागच्या बाजूवर नुसता ठेका आहे.’ दुसरा पक्ष उत्तर देई, ‘तो ठेका लहान मूलही पहिल्याच ऐकण्यात उचलते. ज्यात सारे सामील होतात, ते गाणे थोर नव्हे काय?’

दोन्ही पक्षांच्या बोलण्यात तथ्य आहे. एक गीत कान देऊन ऐकावे असे, तर दुसरे हातापायांनी साथ द्यावी असे. प्रत्येकाचा हेतू निराळा, म्हणून कसोटीही निराळी लावली पाहिजे. नभोवाणी केंद्रांनी तर दोन्ही गाणी लागोपाठ लावण्याचा परिपाठच पाडला. १३ जुलै १९८५ रोजी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर, दुष्काळग्रस्तांच्या साहाय्यार्थ झालेल्या कार्यक्रमात, ‘क्वीन’ने आपल्या गायनाचा शेवट याच दोन गीतांनी केला. आधी मागच्या बाजूचे गीत झाले, मग पुढच्या बाजूचे.

मागची बाजू ही तबकडीवरची केवळ एक जागा होय. तिच्यावरून गाण्याची योग्यता ठरत नाही. कोणी एखाद्या गोष्टीला मागे ठेवले, म्हणून ती उणी ठरत नाही आणि पुढे ठेवले, म्हणून ती थोर होत नाही. तबकडी उलटून दुसरी बाजू ऐकल्यावाचून मत देऊ नये, हेच खऱ्या रसिकाचे लक्षण होय.