क्षतोष्मा : आघातजन्य शोथाचा आरंभ

शहागड हे गोदाकाठचे व महामार्गावरचे गाव. ऊसतोडणीचा हंगाम सुरू झाला की कोयता लागलेला हात किंवा गाडीवरून पडून मुरगळलेला पाय वैद्याकडे येण्याआधी बहुधा औषधी दुकानाच्या फळीवर पोहोचतो. "सूज उतरवा" एवढीच मागणी असते. घरी गरम विटेचा शेक व तेलाचे मर्दन बहुतेक वेळा होऊन गेलेले असते.

आघात होताच तेथील सूक्ष्म रक्तवाहिन्या क्षणभर आकुंचन पावतात. दुखावलेल्या पेशींतून बाहेर पडलेली द्रव्ये इशारा देतात आणि ऊतींतील मास्ट पेशी हिस्टामिन मोकळे करतात. पाठोपाठ ब्रॅडिकायनिन व प्रोस्टाग्लँडिन यांचे कार्य सुरू होते. आता त्याच वाहिन्या विस्फारतात. त्यांच्या अंतःस्तराच्या पेशी आकसून मध्ये फटी पडतात व प्रथिनयुक्त द्रव बाहेर झिरपतो. रक्ताचा ओघ वाढल्याने राग व ऊष्मा, द्रव साचल्याने शोथ, मज्जातंतूंची टोके उद्दीपित झाल्याने वेदना. थॉमस लुईस यांनी १९२७ साली त्वचेवरील ओरखड्याच्या आधारे हा क्रम वर्णिला : प्रथम लाल रेघ, मग भोवती पसरणारी लाली, शेवटी फुगवटा. पुढील काही तासांत न्यूट्रोफिल या श्वेतपेशी वाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बाहेर येतात. या साऱ्यास जंतूंची गरज नसते. बंद मुरगळ्यातही हेच घडते. म्हणून पहिल्या दिवसाची लाली पाहून पू झाल्याचे निदान करणे अयोग्य होय.

सुश्रुताचार्यांनी द्विव्रणीय चिकित्सिताध्यायात आगंतु व्रणात पसरणाऱ्या क्षतोष्म्याच्या शमनार्थ तत्काळ पित्ताप्रमाणे शीतक्रिया सांगितली आहे. हिस्टामिन म्हणजेच पित्त, अशी जोडाजोड आम्हांस रुचत नाही. परंतु 'तत्काळ' हा शब्द मोलाचा आहे. वाहिन्या विस्फारलेल्या असताना उष्ण शेक व मर्दन केल्यास स्राव व सूज वाढते.

तेव्हा दुकानदार बंधूंनी गोळी काढण्यापूर्वी "केव्हा लागले?" हे अवश्य विचारावे. पहिले एक-दोन दिवस विश्रांती, अवयव उंच ठेवणे व फडक्यातून थंड शेक द्यावा. बर्फ थेट त्वचेवर नको. जखम उघडी असल्यास वाहत्या स्वच्छ पाण्याने धुवावी आणि धनुर्वाताच्या लसीची चौकशी करावी. बोट हलत नसेल, बधिर झाले असेल, रुग्ण मधुमेही असेल, किंवा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वेदना ओसरण्याऐवजी वाढून ज्वर आला असेल, तर लेप न देता त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे.