घोरणे, अडलेला श्वास आणि जोड-उपचार

बर्फाच्या पेप्सीची रिकामी प्लास्टिकची नळी धुऊन तिची दोन्ही टोके कापा. एका टोकाने हवा ओढली की नळीच्या भिंती एकमेकींना चिकटतात व हवा थांबते. फुंकर मारली की नळी उघडते. झोपेत श्वास अडण्याचा विकार, म्हणजे ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया, या साध्या प्रयोगातून समजतो.

नाकामागून स्वरयंत्रापर्यंत घशाच्या भिंती मऊ असतात. जागेपणी स्नायू त्यांना ताणून धरतात; झोपेत ते सैलावतात. चरबीमुळे किंवा लहान जबड्यामुळे जागा मुळात कमी असेल, तर श्वास ओढताना घसा मिटतो. रक्तातील ऑक्सिजन घटतो, मेंदू क्षणभर जागा होतो आणि घोरण्याच्या मोठ्या आवाजासह श्वास पुन्हा सुरू होतो. निदान दहा सेकंद श्वास थांबण्याच्या वा अपुरा पडण्याच्या अशा घटना तासाला ३० किंवा अधिक झाल्या, तर विकार तीव्र समजतात.

ऑस्ट्रेलियातील कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये सुचवलेला उपाय फुंकरीचाच आहे. नाकावरील मुखवट्यातून थोड्या जादा दाबाची हवा सोडायची. हा जादा दाब बहुधा १० सेंमी पाण्याच्या स्तंभाइतका, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम एक टक्का असतो. तेवढ्याने घसा उघडा राहतो. मात्र मुखवटा काढला की अडथळा परत येतो. शिवाय हवा चरबी घटवत नाही.

मग दोन उपायांची जोड दिली तर? २०१४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्थूल रुग्णांचे तीन गट केले होते : केवळ यंत्र, केवळ वजन घटवणे आणि दोन्ही. २४ आठवड्यांनंतर शरीरातील दाह दाखवणारे एक प्रथिन वजन घटवल्याने कमी झाले, नुसत्या यंत्राने नाही. त्याबाबत जोडीचा जादा लाभ दिसला नाही. पण उपचार नेटाने पाळणाऱ्यांचा रक्तदाब जोडीमुळे एकेकट्या उपायापेक्षा अधिक उतरला.

याचा अर्थ असा, की दोन उपाय कारणांच्या साखळीतील वेगवेगळ्या कड्यांवर काम करत असतील, तरच बेरीज होते. खालचा जबडा पुढे धरणारे साधन आणि कुशीवर झोपण्याची सवय ही अशीच जोडी आहे. साधन जागा वाढवते, कूस जिभेला गुरुत्वाकर्षणाने मागे पडू देत नाही.

मुलांमध्ये कारण बहुधा वाढलेले टॉन्सिल आणि नाकामागील अ‍ॅडिनॉइड हे असते. शस्त्रक्रियेने बहुतेकांना आराम पडतो. मूल स्थूल असेल तर वजनाकडेही पाहावे लागते. इथेही जोडच! अशी मुले वर्गात पेंगतातच असे नाही. कित्येकदा ती चुळबुळ करतात, त्यांचे लक्ष लागत नाही. त्यांना व्रात्य ठरवण्यापूर्वी शिक्षकांनी पालकांना एवढेच विचारावे : हे मूल रोज रात्री घोरते का? उत्तर 'हो' असेल, तर डॉक्टरांकडे पाठवावे.