मूल घरी ठेवू नका



लागणीच्या नोंदी घेताना एका वस्तीवर आठ वर्षांची मुलगी घरीच दिसली. तिला ऐकू कमी येते. वडील म्हणाले, "हिला शाळेत घालून काय करायचं, साहेब?" दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे मुख्याध्यापकांना भेटलो. आता ती पहिल्या बाकावर बसते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. दिव्यांग म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. तालुक्याच्या गट साधन केंद्रामार्फत विशेष शिक्षक, तपासणी शिबिरे आणि श्रवणयंत्र, कुबड्या, ब्रेल पुस्तके अशी मदत मिळते. अंथरुणाला खिळलेल्या मुलाला घरी येऊन शिकवण्याचीही तरतूद आहे. तेव्हा आधी मुख्याध्यापकांकडे नाव नोंदवा आणि सरकारी रुग्णालयातून दिव्यांगत्वाचा दाखला काढा.

उगवण विरळ झाली म्हणून आपण प्लॉट मोडत नाही, वेळेत नांग्या भरतो. उशिरा भरलेली नांगी मागेच राहते. मुलाचंही तसंच आहे. हक्क कायद्याने दिला. मुलाला शाळेच्या दारापर्यंत नेणं आपल्याच हाती आहे.