विश्लेषण : परदेशी शाळेतले एक वर्ष नेमके कसे असते?

अमेरिकेत विनिमय विद्यार्थी म्हणून जाणारी मुले 'जे-1' व्हिसावर एक सत्र किंवा एक शैक्षणिक वर्ष तिथल्या हायस्कूलमध्ये शिकतात आणि स्थानिक कुटुंबात राहतात. या कुटुंबाला त्याचे पैसे मिळत नाहीत. त्यामुळे मूल पाहुणे नसते. भांडी, कपडे, खोलीची आवराआवर त्याच्याही वाट्याला येते.

शाळेत वेगळे काय?

आपल्याकडे मुले वर्गात बसतात, शिक्षक बदलतात. तिथे शिक्षक आपल्या वर्गात थांबतात आणि तास संपला की मुले उठून दुसरीकडे जातात. दर तासाला शेजारी वेगळा, म्हणून 'आमचा वर्ग' आपोआप तयार होत नाही. सुरुवातीला गणितापेक्षा जेवणाची सुट्टी अवघड वाटते : ट्रे घेऊन बसायचे कोणाजवळ? शाळेनंतरचे खेळ, बँड, नाटक यांतून मैत्री लवकर जुळते.

गुण कसे मिळतात?

एकाच मोठ्या परीक्षेवर भिस्त नसते. गृहपाठ, छोट्या चाचण्या, प्रकल्प वर्षभर मोजले जातात. अनेक शिक्षक वर्गातल्या चर्चेतला सहभागही पाहतात. तिथे गप्प बसणे म्हणजे शिस्त नव्हे.

परतल्यावर काय?

खरी अडचण इथे आहे. तिथले वर्ष आपल्याकडे आपोआप धरले जात नाही आणि तिथला डिप्लोमा मिळण्याचीही हमी नसते. म्हणून परतल्यावर मूल कोणत्या इयत्तेत बसणार, हे शाळा व मंडळाकडून निघण्यापूर्वीच लेखी घ्यावे. येताना तिथली अधिकृत गुणपत्रिका सोबत आणावी.