परभाषेच्या मुलखात

कोल्हापूरहून दक्षिणेकडे निघालेल्या प्रवाशाला कागल मागे पडल्यावर थोड्याच वेळात निपाणी लागते. तेथे पाट्यांवरील अक्षरे बदलतात. कन्नड न जाणणाऱ्याला ती वाचता येत नाहीत. तरीही त्याचे काही अडत नाही. दुकानदार त्याच्याशी मराठीत बोलतो आणि शेजारच्या गिऱ्हाइकाशी कन्नडमध्ये. सीमेवरच्या गावांत बहुतेकांच्या तोंडी दोन भाषा सहज नांदतात. समुद्र ओलांडून दूरदेशी गेलेल्या माणसाला मात्र ही सोय लाभत नाही. तेथे कान असून बहिरे आणि जीभ असून मुके व्हावे लागते.

अशा वेळी माणूस प्रथम हातांचा आश्रय घेतो. तहान लागली की ओंजळ तोंडाशी नेतो, वस्तू हवी असली की बोट दाखवतो, किंमत कागदावर आकड्यांत लिहून घेतो. उतरण्याच्या ठिकाणाचा पत्ता तेथल्या लिपीत लिहून जो खिशात बाळगतो, तो सहसा चुकत नाही. परंतु खुणा साऱ्या जगात सारख्याच असतात, असे समजणे धोक्याचे आहे. पाचही बोटांची टोके जुळवून हात तोंडाशी नेला, की आपल्याकडे ‘जेवायचे आहे’ असा अर्थ होतो. तीच जुळवलेली बोटे वर करून इटलीतील माणूस हात हलवू लागला, तर तो ‘हे काय बोलता आहात?’ असे विचारीत असतो. बल्गेरियात तर होकार-नकाराची मानच आपल्या उलट हलते.

तरीही भूक, तहान, वाट आणि दाम एवढ्यापुरती खुणांची भाषा पुरते. आपला हक्क मागायचा असला, की ती अपुरी पडते. 1952 साली फिनलंडमधील हेलसिंकी येथे ऑलिंपिक सामने झाले. कुस्तीत खाशाबा जाधव यांनी तेथे कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताच्या खेळाडूने मिळवलेले ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. डाव-पेचांना दुभाष्या लागत नाही. जपानच्या शोहाची इशी यांच्याशी त्यांची कुस्ती बराच वेळ चालली आणि लगेचच त्यांना सोव्हिएत मल्लापुढे उभे करण्यात आले. नियमाप्रमाणे दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळावयास हवी होती. परंतु त्यांची बाजू पंचांपुढे मांडणारा भारतीय अधिकारी त्या वेळी तेथे नव्हता, असे सांगितले जाते. थकलेल्या शरीराने ते ती कुस्ती हरले.

खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी. त्या महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे, त्या छत्रपती राजाराम महाराजांवर परमुलखात याहून कितीतरी कठीण प्रसंग आला होता.

1870 साली हे तरुण राजे इंग्लंडच्या प्रवासास गेले. कॅप्टन वेस्ट हे इंग्रज अधिकारी त्यांच्याबरोबर होते. महाराजांना इंग्रजी उत्तम येत असे; प्रवासातील रोजनिशीही ते इंग्रजीतच लिहीत. ती पुढे 1872 साली लंडनला छापली गेली. इंग्लंडमध्ये त्यांना भाषेची अडचण पडली नाही. परत येताना ते युरोप खंडातून प्रवास करीत इटलीतील फ्लॉरेन्स नगरीत आले. त्या काळी ती इटलीची राजधानी होती. तेथे त्यांची प्रकृती बिघडली आणि 30 नोव्हेंबर 1870 रोजी त्यांचे निधन झाले. वय अवघे वीस वर्षांचे!

सेवकांवर आकाश कोसळले. घर हजारो कोस दूर, आणि भोवती कोणाचेही बोलणे कळेना. त्यातच दहनाचा प्रश्न पुढे आला. त्या वेळी इटलीत मृतदेह पुरण्याची चाल होती. उघड्यावर चिता रचण्यास परवानगी नव्हती. आपल्या धन्याचा अंत्यसंस्कार स्वधर्माप्रमाणे व्हावा, ही इच्छा मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून इटालियनमध्ये जाणे भाग होते. भाषांतराने शब्द पोहोचतात. परंतु ज्या विधीची ऐकणाऱ्यास ओळखच नाही, तो त्याला कसा समजावा? दुःखाने ग्रासलेल्या माणसांना हे सारे त्याच दिवशी, काही तासांच्या आत करावयाचे होते.

फ्लॉरेन्सच्या अधिकाऱ्यांनी अनुमती दिली. शब्द किती कळले असतील ते असोत, त्यामागची निकड त्यांना कळली. शहराच्या पश्चिमेस आर्नो नदीच्या काठी ‘काशिने’ नावाचे विस्तीर्ण उद्यान आहे. (नाव ऐकून काशीची आठवण होते, पण त्याचा संबंध गाईगुरांच्या गोठ्यांशी आहे.) या उद्यानाच्या टोकाशी मुन्योने नावाची लहान नदी आर्नोला मिळते. पंचगंगेच्या काठच्या माणसांना संगमाचे महत्त्व सांगावे लागत नाही. चिखलीच्या प्रयागावर नद्या एकत्र येतात, तेथे कोल्हापूरकर पिढ्यान्‌पिढ्या स्नानाला जात आले आहेत. इटलीतही संगम सापडला. रात्रीच्या अंधारात तेथे चिता रचली गेली आणि 1 डिसेंबरला महाराजांचा देह अग्नीच्या स्वाधीन झाला.

पुढे 1874 साली त्या जागी स्मारक उभे राहिले. चार खांबांच्या छत्रीखाली फेटा बांधलेल्या तरुण राजाचा रंगीत अर्धपुतळा आहे. पुतळा फुलर या इंग्रज शिल्पकाराने घडवला. छत्रीची आखणी चार्ल्स मँट यांची; कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचे वास्तुशिल्पीही तेच. स्मारकावरील लेख चार भाषांत कोरलेले आहेत. परभाषेच्या मुलखात वारलेल्या माणसाच्या स्मारकाला हे साजेसेच म्हटले पाहिजे. 1902 साली इंग्लंडच्या प्रवासास गेलेल्या राजर्षी शाहू महाराजांनी वाकडी वाट करून या स्मारकाचे दर्शन घेतले.

फ्लॉरेन्सचे लोक त्या जागेला ‘इंदियानो’ म्हणू लागले. इंदियानो म्हणजे हिंदी माणूस. जवळच आर्नो नदीवर 1978 साली मोठा पूल झाला, त्यालाही तेच नाव मिळाले. इटालियन भाषेचा गंध नसलेला कोल्हापूरचा प्रवासी आज तेथे गेला आणि त्याला आपल्या राजाच्या स्मारकाची वाट विचारावयाची झाली, तर तो एकच शब्द त्याला बहुधा पुरेल.