एका ओळीतला अंदाज

लाँचर म्हणजे संगणकाच्या पडद्यावर एका कळजोडीने उघडणारी शोधपट्टी. मेनू उघडा, यादी धुंडाळा, चित्रावर क्लिक करा, हा वळसा टाळून हवे ते नाव टाइप करायचे आणि एंटर दाबायचे, एवढे तिचे मूळ काम. मॅकवर २००५ मध्ये स्पॉटलाइट आले, २०१० मध्ये अल्फ्रेड आले. विंडोजवरचा फ्लो लाँचर, लिनक्सवरचे युलाँचर आणि अल्बर्ट ही त्याच कुळातली. यांतल्या बहुतेकांना बाहेरून जोड देता येते. कोणी शब्दकोश जोडतो, कोणी चलनाचे दर, कोणी हवामान. या जोडीला एक्स्टेंशन किंवा प्लगइन म्हणतात. हवामानाचे एक्स्टेंशन पन्नास-साठ ओळींच्या कोडमध्ये चालू होते, म्हणून ते सोपे समजले जाते. माहिती आणणे खरोखरच सोपे आहे. आणलेल्या माहितीतले काय एका ओळीत ठेवायचे आणि ती ओळ खरी कशी राहील हे पाहायचे, इथे सगळी मेहनत जाते.

उदाहरणासाठी युलाँचर घेणे सोयीचे, कारण ते मुक्त स्रोत आहे, त्याची एक्स्टेंशने पायथॉनमध्ये लिहिली जातात आणि रचना सुटसुटीत आहे. एका फोल्डरमध्ये मुख्यतः तीन गोष्टी लागतात: मॅनिफेस्ट नावाची जेसन फाइल, मेन नावाची पायथॉन फाइल आणि एक चिन्ह. मॅनिफेस्टमध्ये एक्स्टेंशनचे नाव, त्याला लागणारी एपीआयची आवृत्ती आणि वापरणाऱ्याला बदलता येतील अशा सेटिंग्ज लिहितात. त्यांतली एक सेटिंग कीवर्डची असते. कीवर्ड ‘हवा’ ठेवला, तर पट्टीत ‘हवा’ आणि त्यापुढे स्पेस दिल्याशिवाय एक्स्टेंशनला जाग येत नाही. देवनागरी कीवर्ड दिसायला छान, पण त्यासाठी दर वेळी कीबोर्ड मराठीवर न्यावा लागतो. शिवाय युलाँचर मुळात कंट्रोल-स्पेसने उघडते आणि भाषा बदलण्याच्या काही साधनांची कळजोडीही तीच असते. म्हणून कीवर्ड कोडमध्ये पक्का न करता सेटिंगमध्येच ठेवावा.

एक्स्टेंशन लाँचरच्या पोटात चालत नाही. ते स्वतंत्र प्रोसेस म्हणून चालते आणि दोघे एकमेकांना निरोप पाठवतात. काही टाइप झाले की लाँचर तसे कळवतो. एक्स्टेंशन उत्तरादाखल निकालांची यादी पाठवते. प्रत्येक निकालात एक चिन्ह, एक ठळक ओळ, तिच्याखाली एक बारीक ओळ आणि एंटर दाबल्यावर काय करायचे याची सूचना असते. हवामानाच्या सगळ्या पसाऱ्याला मिळणारी जागा एवढीच. वेगळ्या प्रोसेसचा फायदा असा की एक्स्टेंशन कोसळले तरी लाँचर उभा राहतो.

आता कोणी ‘हवा सातारा’ टाइप करतो असे धरू. गावाच्या नावाला सहा कळा लागतात: स, काना, त, काना, र, काना. युलाँचर शेवटच्या कळीनंतर थोडे थांबून एक्स्टेंशनला हाक मारते. हा थांबा मुळात ०.०५ सेकंदाचा असतो. माणसाच्या दोन कळांमध्ये सहज त्याच्या चौपट वेळ जातो. म्हणजे थांबा तसाच ठेवला तर ‘स’, ‘सा’, ‘सात’ अशा प्रत्येक तुकड्यासाठी सर्व्हरकडे वेगळी विनंती जाते, आणि सहापैकी पाच वाया जातात. मॅनिफेस्टमध्ये हा थांबा अर्ध्या सेकंदावर नेला की बहुधा एकच विनंती जाते. त्याहून बरा मार्ग म्हणजे टाइप होत असताना फक्त आधी साठवलेल्या गावांत शोधायचे आणि नवे गाव असेल तर एंटर दाबल्यावरच नेटवर जायचे. कीवर्डपुढे काहीच लिहिले नसेल तेव्हा घरच्या गावाचा अंदाज दाखवावा. रोजच्या वापरात प्रश्न बहुतेक त्याच गावाचा असतो.

गावाचे नाव अंदाज देणाऱ्या सेवेला पुरत नाही, तिला अक्षांश-रेखांश लागतात. ओपन-मेटिओसारख्या सेवा त्यासाठी वेगळे एपीआय देतात: नाव पाठवले की जुळणाऱ्या ठिकाणांची यादी येते. यादीतले पहिले ठिकाण डोळे झाकून घेणे ही नवख्याची हमखास चूक. औरंगाबाद बिहारमध्येही आहे, हैदराबाद सिंधमध्येही आहे, आणि वडगाव किती आहेत हे महाराष्ट्रातल्या कोणालाही सांगायला नको. म्हणून बारीक ओळीत जिल्हा, राज्य आणि देश दाखवून निवड माणसावर सोपवावी आणि एकदा झालेली निवड साठवून ठेवावी. नाव देवनागरीत पाठवताना आणखी एक पायरी असते. ‘पुणे’ हा शब्द युनिकोडच्या हिशेबाने चार चिन्हांचा: प, उकार, ण आणि मात्रा. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाला ३ बाइट लागतात, म्हणजे १२ बाइट. वेबच्या पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह आणि दोन अक्षरे असा लिहिला जातो, म्हणजे एकूण ३६ अक्षरे. हे रूपांतर पायथॉनची ग्रंथालये आपोआप करतात, मात्र पत्ता हाताने जोडला तर ते राहून जाते. शिवाय प्रत्येक गावाचे देवनागरी नाव नोंदलेले नसते, म्हणून रोमन नावानेही शोधण्याची सोय ठेवावी.

अक्षांश-रेखांश किती बारीक पाठवायचे, हेही ठरवावे लागते. दशांशानंतर चार घरे म्हणजे सुमारे ११ मीटरची अचूकता, म्हणजे जवळजवळ घराचा दरवाजा. दोन घरे म्हणजे सुमारे १.१ किलोमीटर. अंदाज त्याहून बारीक नसतोच. तेव्हा १८.५२ आणि ७३.८६ एवढे पाठवले तरी पुण्याचा अंदाज तोच येतो आणि माणसाचा नेमका पत्ता दूरच्या सर्व्हरवर जात नाही.

सेवा निवडताना अटी आधी वाचाव्यात. काही सेवांना की लागते, म्हणजे नोंदणी करून मिळवलेला सांकेतिक शब्द. ती की कोडमध्ये लिहून गिटहबवर टाकली तर साऱ्या जगाच्या हाती पडते. ती प्रत्येक वापरणाऱ्याने स्वतःच्या सेटिंगमध्ये भरावी, हेच योग्य. नॉर्वेच्या हवामान संस्थेला की लागत नाही, पण विनंती कोणत्या प्रोग्रॅमकडून येते याची स्पष्ट ओळख ती मागते. ओपन-मेटिओ बिगरव्यावसायिक वापराला कीशिवाय माहिती देते. दिवसाला १०,००० विनंत्यांची मर्यादा आणि श्रेय देण्याची अट आहे. घरगुती एक्स्टेंशनसाठी ती सध्या सर्वांत सोपी निवड ठरते.

येणारे उत्तर जेसन स्वरूपात असते: तापमान, आर्द्रता, वाऱ्याचा वेग, पाऊस, आणि हवामानाचा एक सांकेतिक आकडा. हे आकडे जागतिक हवामान संघटनेच्या ०० ते ९९ या तक्त्यातले. ० म्हणजे निरभ्र, ३ म्हणजे पूर्ण ढगाळ, ४५ धुके, ९५ मेघगर्जना. ५१ पासून एक गट, ६१ पासून दुसरा, ८० पासून तिसरा. इंग्रजी एक्स्टेंशनांचे भाषांतर करताना या तिन्ही गटांना सरसकट ‘पाऊस’ लिहिले जाते. हा मराठीवर अन्याय आहे, कारण हा भेद मराठीत रोजच्या बोलण्यातला आहे. ५१ ची भुरभुर, ६१ चा लागून राहिलेला हलका पाऊस, ६५ चा जोरदार पाऊस आणि ८० ची येऊन जाणारी सर. छत्री लागेल की थोडे थांबून निघता येईल, हे ‘सर’ या एका शब्दाने कळते. चिन्हांच्या बाबतीत आणखी एक खाचखळगा आहे. ० या आकड्याला सूर्याचे चित्र जोडले की रात्री नऊ वाजताही सूर्य तळपतो. ० चा अर्थ ‘ऊन’ नसून ‘निरभ्र’ आहे. दिवस की रात्र हे सेवा वेगळ्या खान्यात सांगते. ते पाहून चित्र निवडावे लागते.

पावसाच्या टक्केवारीने जेवढी दिशाभूल होते तेवढी दुसऱ्या कशाने होत नाही. ६० टक्के म्हणजे गावाच्या ६० टक्के भागात पाऊस नव्हे आणि दिवसातला ६० टक्के वेळ पाऊसही नव्हे. संगणकावर हवामानाचे तेच प्रारूप सुरुवातीच्या स्थितीत किंचित फरक करून अनेकदा चालवतात. अशा ३० फेऱ्यांपैकी १८ फेऱ्यांत पाऊस दिसला तर ६० टक्के. ओपन-मेटिओच्या टक्केवारीत ‘पाऊस’ म्हणजे तासाभरात ०.१ मिलिमीटरहून जास्त. ०.१ मिलिमीटर म्हणजे अंगण जेमतेम ओले. त्यामुळे जुलैत रत्नागिरीसाठी हा आकडा दिवसचे दिवस शंभराजवळ राहतो आणि तिथल्या माणसाला त्यातून काहीच कळत नाही. त्याला प्रमाण हवे असते. म्हणून भारतासाठी लिहिलेल्या एक्स्टेंशनने पावसाळ्यात टक्केवारी मागे ठेवून मिलिमीटर पुढे आणावेत. मिलिमीटरला शब्दही तयार आहेत: भारतीय हवामान विभागाच्या वर्गवारीत २४ तासांत १५.५ मिलिमीटरपर्यंत हलका, ६४.४ पर्यंत मध्यम, ६४.५ पासून जोरदार, ११५.६ पासून अति जोरदार आणि २०४.४ च्या वर अत्यंत जोरदार पाऊस.

इथेच दिवसाची व्याख्या आडवी येते. वर्तमानपत्रात छापलेला पाऊस सकाळी साडेआठला संपणाऱ्या २४ तासांचा असतो, कारण वेधशाळेत पर्जन्यमापक त्या वेळी वाचतात. एक्स्टेंशनमधला दिवस मध्यरात्री ते मध्यरात्री असतो. दोन्ही आकडे बरोबर असून जुळत नाहीत. त्यात विनंती करताना वेळक्षेत्र सांगायचे राहिले, तर वेळा ग्रिनिचच्या येतात आणि ‘आजचा दिवस’ भारतीय वेळेनुसार पहाटे साडेपाचला सुरू होतो. रात्री दोनचा वळीव मग काल पडल्यासारखा दिसतो. ‘एशिया/कोलकाता’ हे वेळक्षेत्र विनंतीत लिहिले की हा दोष जातो.

मुळात हा अंदाज गावाचा नसून चौकोनाचा असतो. प्रारूप पृथ्वीवर जाळी टाकते आणि प्रत्येक चौकोनाला एक मूल्य देते. युरोपीय हवामान अंदाज केंद्राची जाळी सुमारे ९ किलोमीटरची आहे, अमेरिकेच्या जीएफएसची सुमारे १३ ची. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने विकसित केलेली आणि मे २०२५ मध्ये सुरू झालेली भारत फोरकास्ट सिस्टिम ६ किलोमीटरवर उतरली आहे. ओपन-मेटिओची टक्केवारी मात्र २७ किलोमीटरच्या आसपास जाळी असलेल्या सामूहिक प्रारूपांवरून येते. सपाट मुलखात एवढा फरक खपून जातो, सह्याद्रीत तो खपत नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पाचगणीला त्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास आणि वाईला हजारही नाही. महाबळेश्वर ते वाई सरळ रेषेत पंचवीसेक किलोमीटर. २७ किलोमीटरच्या एकाच चौकोनात ही तिन्ही गावे बसू शकतात आणि तिघांना एकच टक्केवारी मिळू शकते. तापमानाचे तसे होत नाही: ठिकाणाची उंची पाहून ओपन-मेटिओ ते दुरुस्त करते. पावसाला असा सोपा हिशेब लागू पडत नाही. एक्स्टेंशन लिहिणाऱ्याच्या हाती यावर एकच उपाय आहे, आकडा गोल करून दाखवणे. २३.७ मिलिमीटर लिहिल्याने नसलेली अचूकता भासते. ‘सुमारे २५’ लिहिलेले बरे.

हे सगळे ध्यानात घेऊन जुलैतली एखादी ओळ अशी दिसेल: ‘सातारा २४°, भुरभुर, रात्रीपर्यंत सुमारे १० मिमी’. खाली बारीक अक्षरांत: ‘सातारा जिल्हा, महाराष्ट्र · ९.१५ ची माहिती · ओपन-मेटिओ’. पुढच्या निकालांत उद्या आणि परवा. एंटरवर सविस्तर पान उघडावे. हवामान विभागाचा पिवळा, नारिंगी किंवा लाल इशारा हा मात्र एक्स्टेंशनने स्वतः आकड्यांवरून ठरवायचा विषय नाही. इशारा विभागाच्याच पानावर पाहायचा, तिथे नेणारा दुवा तेवढा द्यायचा.

बारीक ओळीतली ‘९.१५ ची माहिती’ महत्त्वाची आहे. जीएफएस दिवसातून चारदा, भारतीय वेळेनुसार साडेपाच आणि साडेअकराच्या ठोक्यांच्या स्थितीवरून चालते आणि निष्कर्ष काही तासांनी हाती येतात. त्यामुळे दर मिनिटाला विचारून नवे काही मिळत नाही. एकदा आलेले उत्तर १५ ते ३० मिनिटे फाइलमध्ये साठवून तेच दाखवावे. पट्टीतले उत्तर क्षणात येते आणि सर्व्हरवर भार पडत नाही. नेट नसेल तर साठवलेलेच दाखवावे, पण वेळेसकट. वेळ न लिहिता दाखवलेला तीन तासांपूर्वीचा अंदाज माणसाला भिजवू शकतो. विनंतीला तीन-चार सेकंदांची मर्यादाही घालावी, नाहीतर नेट अडखळले की निकालाची जागा रिकामीच राहते आणि चूक कुठे आहे ते कळत नाही. ‘नेट नाही’, ‘गाव सापडले नाही’ आणि ‘सेवा बंद आहे’ यांना तीन वेगळी वाक्ये असावीत.

चाचणीसाठी लाँचर टर्मिनलमधून विकासाच्या रीतीने सुरू करतात, म्हणजे प्रत्येक निरोप आणि चूक डोळ्यांसमोर उमटते. घरच्या गावावर चाचणी करून थांबू नये. शून्याखालचे तापमान दाखवणारे लेह, रात्र चालू असलेले एखादे अमेरिकी शहर, नावात स्पेस असलेले ‘छत्रपती संभाजीनगर’, अजिबात अस्तित्वात नसलेले गाव आणि नेट काढून टाकलेला संगणक, एवढ्यांतून गेल्यावर एक्स्टेंशन गिटहबवर ठेवायचे. तिथला पत्ता युलाँचरच्या सेटिंगमध्ये चिकटवला की कोणालाही ते बसवता येते.

त्यानंतर उरते देखभाल. याहूने आपली जुनी हवामान सेवा जानेवारी २०१९ मध्ये बंद केली. डार्क स्काय अॅपलने २०२० मध्ये विकत घेतले आणि त्याचे एपीआय ३१ मार्च २०२३ ला थांबले. ज्या एक्स्टेंशनांमध्ये सेवेचा पत्ता, तिचे सांकेतिक आकडे आणि पडद्यावरची ओळ एकाच ठिकाणी गुंतलेली होती, ती मुळापासून पुन्हा लिहावी लागली. म्हणून सेवेशी बोलणारा भाग वेगळ्या फाइलमध्ये ठेवतात. त्या फाइलने बाहेर द्यायचे ते ठरलेले असते: ठिकाण, वेळ, तापमान, स्थिती, पाऊस. सेवा बदलली की तेवढी एक फाइल बदलते. कीवर्ड, साठवलेली गावे आणि मराठी शब्द जागच्या जागी राहतात.