रेड वेल्व्हेट कुकीजसाठी बीटचा नैसर्गिक रंग : ओव्हनमध्ये रंग टिकवण्याचे तंत्र

कर्नाटकातील बेकऱ्यांमधून घेतलेल्या केकच्या २३५ नमुन्यांपैकी १२ नमुन्यांमध्ये कृत्रिम रंगांचे प्रमाण असुरक्षित आढळले. राज्याच्या अन्न सुरक्षा विभागाने ऑक्टोबर २०२४ मध्ये दिलेल्या इशाऱ्यात रेड वेल्व्हेट आणि ब्लॅक फॉरेस्ट या दोन प्रकारांचा विशेष उल्लेख होता. त्यापूर्वी त्याच वर्षी मार्च महिन्यात राज्याने गोबी मंचुरियन आणि कॉटन कँडी यांमधील कृत्रिम रंगांच्या वापरावर बंदी घातली होती. या घटनांनंतर लाल रंगाच्या बेकरी पदार्थांबाबत ग्राहक अधिक चौकस झाला असून नैसर्गिक रंगाची विचारणा वाढण्यास अनुकूल वातावरण तयार झाले आहे.

बंगळूरुच्या दक्षिणेकडील इलेक्ट्रॉनिक सिटी हे अशा मागणीचे प्रातिनिधिक ठिकाण मानता येईल. सुमारे ३३२ एकरांवर वसवलेल्या या उद्योगनगरीभोवती आज बहुमजली निवासी संकुले उभी आहेत. नोकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबेही तेथे राहतात. घरात छोटा ओव्हन असतो, मुलांच्या डब्यासाठी किंवा वाढदिवसासाठी कुकीज घरीच भाजल्या जातात, आणि काही गृहिणी शेजाऱ्यांच्या मागणीनुसार त्या विकतातही. मात्र बीटचा रस घालून मळलेला गडद गुलाबी गोळा ओव्हनमधून बाहेर येताना तपकिरी होतो, हा अनेकांचा अनुभव आहे. येथेच नैसर्गिक रंगावरचा विश्वास उडतो आणि हात पुन्हा रंगाच्या बाटलीकडे वळतो. रंग का जातो हे समजून घेतल्यास तो बऱ्याच अंशी टिकवता येतो.

कृत्रिम रंगाची मात्रा घरी का चुकते?

आपल्याकडील नियमांनुसार परवानगी असलेले कृत्रिम रंगही बिस्किटे व केक यांमध्ये एक किलो पदार्थामागे १०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक वापरता येत नाहीत. घरी एका वेळी साधारण ४०० ग्रॅम पीठ भिजवले जाते. त्यासाठी शुद्ध रंगाची कमाल मात्रा ४० मिलिग्रॅमच्याही आत येते. स्वयंपाकघरातील काटा एक ग्रॅमपेक्षा कमी वजन दाखवत नाही. म्हणजे ‘चिमूटभर’ पूड घालणाऱ्या व्यक्तीला आपण मर्यादा ओलांडली हे कळण्याचा मार्गच नसतो. बीटच्या पावडरीत ही अडचण येत नाही. ती मुळात भाजीच आहे.

रंगद्रव्याचे स्वरूप

बीटचा लाल रंग बीटालेन गटातील बीटानिन या रंगद्रव्यामुळे येतो. उष्णता, प्रकाश, हवेतील प्राणवायू, पाण्याचे अधिक प्रमाण, तसेच लोह व तांबे यांचा संपर्क या कारणांनी त्याचे विघटन होते. विघटनानंतर पिवळसर घटक मागे राहतो, म्हणून पदार्थ तपकिरी दिसतो. बीटानिन आम्लधर्मी माध्यमात, विशेषतः सामू ४ ते ६ असताना, सर्वाधिक स्थिर असते. खाण्याचा सोडा मिश्रण अल्कधर्मी करतो आणि रंग पिवळट पडण्यास सुरुवात होते. सोड्यामुळे साखर व प्रथिनेही लवकर करपट रंग धरतात. त्यामुळे रंग फिका पडला की बीट वाढवणे हा उपाय ठरत नाही. आम्लता राखणे, पाणी कमी करणे आणि उष्णता मर्यादित ठेवणे या तीन गोष्टी साधाव्या लागतात.

ओल्या रसापेक्षा पावडर सरस ठरते, त्याचेही कारण हेच आहे. रसासोबत पाणी येते, पाणी उडवण्यासाठी कुकी अधिक वेळ भाजावी लागते आणि तेवढा वेळ रंगद्रव्य तापत राहते.

बीट पावडर तयार करण्याची पद्धत

डेट्रॉइट डार्क रेड किंवा क्रिमसन ग्लोब यांसारख्या गडद गराच्या वाणांचे ताजे, मध्यम आकाराचे कंद निवडावेत. उष्ण हवामानात वाढलेल्या कंदांत पांढरी वलये पडतात व रंग कमी भरतो. त्यामुळे थंडीच्या हंगामातील माल पावडरीसाठी योग्य असतो. बोरॉनच्या कमतरतेमुळे आतून काळे पडलेले कंद वेगळे काढावेत.

कंद धुऊन, साल काढून स्टेनलेस स्टीलच्या सुरीने २ ते ३ मिलिमीटर जाडीचे काप करावेत. कापांना ३ ते ४ मिनिटे वाफ द्यावी. उकळत्या पाण्यात टाकल्यास रंग पाण्यात उतरतो. वाफवलेल्या कापांवर सायट्रिक आम्लाचे ०.५ टक्के द्रावण फवारावे. नंतर ट्रे ड्रायरमध्ये ५५ ते ६० अंश सेल्सिअस तापमानाला काप हाताने कडकन मोडेपर्यंत वाळवावेत. यास साधारण ८ ते १० तास लागतात. उघड्या उन्हात वाळवल्यास प्रकाशामुळे रंग विटतो. थंड झालेले काप लगेच दळून, चाळून, हवाबंद अॅल्युमिनियम लॅमिनेटेड पाकिटांत भरावेत, कारण ही पावडर हवेतील ओलावा झपाट्याने शोषते व तिचे खडे होतात.

बीटमध्ये सुमारे ८७ टक्के पाणी असते. साल व वाळवणीतील घट धरता १०० किलो कंदांपासून साधारण ९ ते ११ किलो पावडर मिळते.

कुकीज करण्याची कृती

साहित्य (सुमारे २० कुकीज) : मैदा १५० ग्रॅम, लोणी १०० ग्रॅम, पिठीसाखर ११० ग्रॅम, बीट पावडर १५ ग्रॅम, साधी कोको पावडर ५ ग्रॅम, बेकिंग पावडर पाऊण छोटा चमचा, लिंबाचा रस २ छोटे चमचे, दूध १ ते २ छोटे चमचे, चिमूटभर मीठ.

लोणी व साखर हलके होईपर्यंत फेटावे. त्यात लिंबाचा रस व बीट पावडर घालून एकजीव करावे. मैदा, कोको, बेकिंग पावडर व मीठ एकत्र चाळून मिसळावे. गोळा मिळून येण्यापुरतेच दूध घालावे. गोळा अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून २० ग्रॅमचे पेढे वळावेत व किंचित दाबावेत. १५० ते १६० अंश सेल्सिअस तापमानाला तापवलेल्या ओव्हनमध्ये मधल्या कप्प्यात १४ ते १६ मिनिटे भाजावे. कडा घट्ट व मध्यभाग मऊ असतानाच कुकीज बाहेर काढाव्यात. गार झाल्यावर त्या कडक होतात.

या कृतीत सोडा वापरू नये. गूळ किंवा तपकिरी साखर घातल्यास लाल छटा झाकली जाते. कोको अल्कली प्रक्रिया न केलेली असावी आणि तिचे प्रमाण वाढवू नये.

कोकमाचा उपयोग कोठे करावा?

कोकमाच्या सालीतील रंग अँथोसायनिन गटातील असतो. तो अति आम्ल माध्यमात लाल, तर सामू वाढताच जांभळट व पुढे निळसर होतो. म्हणून कुकीच्या पिठात तो करडा दिसू शकतो. भाजलेल्या कुकीवरील साखरेच्या लेपासाठी मात्र तो उत्तम आहे. मीठ न लावलेली कोकम साल थोड्या पाण्यात भिजवून गाळलेला अर्क पिठीसाखरेत कालवावा. आगळात मीठ असल्याने ते येथे चालत नाही.

उत्पादक गटांसाठी विचार

एका घाण्यास १५ ग्रॅम पावडर, म्हणजे जवळपास एक मध्यम कंद लागतो. एक किलो पावडरीत सुमारे १,३०० कुकीज होतात. घरगुती ग्राहकाला किलोचे पाकीट विकणे व्यर्थ आहे, कारण उघडलेले पाकीट रंग व कोरडेपणा दोन्ही गमावते. ४५ ग्रॅमचे, तीन घाण्यांना पुरणारे पाकीट आणि त्यासोबत ‘सोडा घालू नये, लिंबू घालावे, मंद आचेवर भाजावे’ ही सूचना अधिक उपयोगी ठरेल. ही सूचना नसेल तर चांगली पावडरही ग्राहकाच्या ओव्हनमध्ये नापास होते आणि दोष शेतकऱ्याच्या मालाला लागतो.

बीटची कुकी बाजारातील रेड वेल्व्हेटसारखी भडक लाल होत नाही. ती विटकरी ते मरून छटेची होते. गटाने हे पाकिटावरील छायाचित्रातून प्रामाणिकपणे दाखवावे. रंग उठावदार दिसावा म्हणून पावडरीत कृत्रिम रंग मिसळण्याचा मोह झाल्यास नैसर्गिक मालाची सारी पत एका तपासणीत जाऊ शकते. विक्रीपूर्वी अन्न सुरक्षा कायद्यानुसार नोंदणी अथवा परवाना घ्यावा व घटकांच्या यादीत ‘बीट पावडर’ असे स्पष्ट लिहावे.

विस्तार कार्यकर्त्यांनी प्रशिक्षणात एकाच पिठाचे दोन भाग करून एकात सोडा व दुसऱ्यात लिंबाचा रस घालावा आणि दोन्ही एकाच तव्यावर शेजारी भाजून दाखवावेत. पंधरा मिनिटांत दिसणारा रंगातील फरक सामूचे महत्त्व कोणत्याही व्याख्यानापेक्षा अधिक स्पष्टपणे पटवून देतो.